डेंटल स्कूलची तयारी 'लवकर' म्हणजे नेमकी कधी?

अमेरिकेत वाढलेली मुलगी 'मला डेंटिस्ट व्हायचंय' म्हणाली, की तिच्या आईबाबांच्या डोक्यात भारतातलं गणित सुरू होतं: बारावी, नीट, बीडीएस. एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी, विषय संपला. म्हणून 'लवकर तयारी' म्हणजे लवकर क्लास असा अर्थ लावला जातो आणि कॉलेजच्या पहिल्याच वर्षी डॅटची, म्हणजे डेंटल स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, जाडजूड पुस्तकं घरात येऊन पडतात. ती बहुतेक तशीच पडून राहतात, आणि माझ्या मते त्यात फारसं वाईट काही नाही. कारण या सगळ्या प्रवासात डॅट ही उशिरा करायची गोष्ट आहे.

इथली पद्धत थोडक्यात अशी. आधी कॉलेज, बहुतेकांच्या बाबतीत चार वर्षांची पदवी. मग डेंटल स्कूल, तेही बहुतेक ठिकाणी चार वर्षांचं. देशात अशी सत्तरहून जास्त डेंटल स्कूल्स आहेत. काही डीडीएस पदवी देतात, काही डीएमडी. शिक्षण तेच, परवाना तोच. १८४० साली बाल्टिमोरला जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं तेव्हापासून डीडीएस चालत आली. १८६७ मध्ये हार्वर्डने स्वतःचं डेंटल स्कूल काढलं आणि आपल्या लॅटिन परंपरेला शोभेल असं डीएमडी हे नाव घेतलं. फरक एवढाच, त्यामुळे 'यातलं भारी कुठलं' यावर रात्री जागवू नयेत.

प्रवेशासाठी शाळा बऱ्याच गोष्टी एकत्र बघतात: कॉलेजातले गुण, डॅट, डेंटिस्टच्या दवाखान्यात काढलेले तास, समाजकार्य, शिफारसपत्रं, निबंध, मुलाखत. यातल्या काही गोष्टी नेटाने बसलं तर तीन महिन्यांत होतात. काहींना तीन वर्षं लागतात आणि कितीही घाई केली तरी त्या दोन वर्षांत होत नाहीत. लवकर सुरू करायच्या त्या या दुसऱ्या प्रकारच्या.

उलटं मोजायचं

समजा मुलगी ऑगस्ट २०२६ मध्ये कॉलेजला जाणार आहे. मध्ये न थांबता ती डेंटल स्कूलला जाईल ऑगस्ट २०३० मध्ये. मग अर्ज कधी? २०३० च्या वसंतात, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो जून २०२९ मध्ये जायला हवा, म्हणजे प्रवेशाच्या चौदा महिने आधी, तिसरं वर्ष संपल्या संपल्या.

बहुतेक शाळांचे अर्ज ॲडसास या एकाच केंद्रीय यंत्रणेतून जातात. (टेक्सासमधल्या सरकारी शाळांसाठी टीएमडीसास अशी वेगळी यंत्रणा आहे.) ॲडसासचा अर्ज मे महिन्यात भरायला खुला होतो आणि जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतो. शाळा अर्ज येतील तसे वाचत जातात, उन्हाळा सरता सरता मुलाखतीला बोलावू लागतात आणि डिसेंबरपासून प्रवेश देऊ लागतात. शेवटची तारीख काही शाळांची ऑक्टोबरमध्ये असते, काहींची त्याहून पुढे. पण त्या तारखेच्या आदल्या रात्री अर्ज पाठवणाऱ्याच्या वाट्याला मुलाखतीच्या उरल्यासुरल्या जागा येतात. शिवाय अर्ज पाठवला म्हणजे तो लगेच शाळेच्या टेबलावर पोचला असं नाही. ॲडसासचे लोक प्रत्येक विषयाचा गुण मूळ ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेशी, ताडून पाहतात आणि गर्दीच्या दिवसांत त्याला चार ते सहा आठवडे जातात.

यातून निघणारी गोष्ट फार कमी जणांच्या वेळेत लक्षात येते. शाळा अर्ज वाचायला घेतात तेव्हा त्यांच्यासमोर फक्त तीन वर्षांचे गुण असतात. 'शेवटच्या वर्षी भरून काढीन' हा बेत इथे कामाला येत नाही.

गुणांचं वजन

जीपीए ही कॉलेजातल्या गुणांची ४.० पैकी काढलेली सरासरी आहे आणि सरासरी हलवणं किती जड असतं ते एका उदाहरणात दिसेल. पहिल्या वर्षी ३० क्रेडिट झाले आणि जीपीए आला २.८. नवीन जागा, वसतिगृह, रात्रीची जागरणं; असं होतं. पुढची दोन वर्षं मन लावून अभ्यास केला आणि ६० क्रेडिटवर ३.८ मिळवला. एकूण किती? ३.४७. तोच एकूण आकडा ३.६ व्हायला हवा असेल तर त्या दोन वर्षांत प्रत्येक विषयात पूर्ण ४.० लागेल, एकही बी चालणार नाही. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी गेली काही वर्षं साडेतीनच्या वरच आहे. त्यातही जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचा वेगळा जीपीए काढला जातो आणि त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

म्हणून पहिल्या सेमिस्टरला झेपेल एवढंच घ्यावं. केमिस्ट्री, बायॉलॉजी, कॅल्क्युलस आणि वर आणखी एक लॅब, असा भार घालून 'आमची हुशार आहे' हे सिद्ध करायची ती वेळ नाही.

दोन सापळे तर कॉलेजच्याही आधीचे आहेत. पहिला ड्युअल एन्रोलमेंटचा. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतले, क्रेडिट मिळाले, सगळे खूश. पण ॲडसासला कॉलेज पातळीवर घेतलेला प्रत्येक विषय कळवावा लागतो, मग तो सोळाव्या वर्षी घेतलेला का असेना. तिथला सी मोजणीत येतो. आणि तो विषय कॉलेजात पुन्हा घेऊन ए मिळवला तरी जुना गुण पुसला जात नाही. दोन्ही धरले जातात. तुमच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर नवा गुण जुन्याची जागा घेत असेल, ॲडसास मात्र आपली मोजणी आपणच करतं.

दुसरा सापळा एपीचा, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या विषयांचा आणि त्यांच्या परीक्षांचा. एपी बायॉलॉजीत पाचपैकी पाच आले म्हणून कॉलेजने सुरुवातीचा विषय माफ केला, तरी काही डेंटल स्कूल्स एपीचे क्रेडिट प्रवेशाच्या अटींसाठी धरत नाहीत. काही धरतात, पण त्याच शाखेतला वरच्या पातळीचा विषय घ्यायला सांगतात. कम्युनिटी कॉलेजमध्ये केलेल्या विज्ञान विषयांबद्दलही प्रत्येक शाळेचं वेगळं मत. अटी साधारण सगळीकडे मिळत्याजुळत्या आहेत: लॅबसह एकेक वर्ष बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, थोडं इंग्रजी. कुठे मायक्रोबायॉलॉजी, कुठे ॲनाटॉमी. पण 'साधारण'वर विसंबू नये. पाच-सहा आवडत्या शाळांच्या अटी पहिल्याच वर्षी एका कागदावर उतरवून घ्याव्यात. ऑरगॅनिक केमिस्ट्री हातात असल्याशिवाय डॅट नीट देता येत नाही आणि जनरल केमिस्ट्रीशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही, त्यामुळे कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला हे पहिल्या वर्षीच बरंचसं ठरून जातं.

पदवीचा मुख्य विषय कुठलाही चालतो. इतिहास घेतला तरी चालतो, या अटी पूर्ण केल्या म्हणजे झालं.

दवाखान्यातले तास

शॅडोइंग म्हणजे डेंटिस्टच्या पाठीशी उभं राहून काम बघणं. किती तास हवेत याचं एकच उत्तर नाही. काही शाळा आकडा देतात, काही देत नाहीत. शंभर तास झाले असले की बहुतेक ठिकाणी पुरेसे मानले जातात. आठवड्याला एक दुपार, चार तास, म्हणजे पंचवीस आठवड्यांत शंभर. दोन सेमिस्टरमध्ये कुणाच्या लक्षातही न येता होऊन जातात. तेच अर्जाच्या आधीच्या मे महिन्यात सलग उरकले तर तारखांवरून वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

माझ्या मते शॅडोइंगचा खरा उपयोग अर्जासाठी नाहीच. हे काम आपल्याला जमेल का, रोज करावंसं वाटेल का, हे तिथेच कळतं. डेंटिस्टचा दिवस म्हणजे मान वाकवून, एका छोट्याशा जागेत, घाबरलेल्या माणसाच्या तोंडात केलेलं बारीक काम. वर कर्मचारी, विमा कंपन्या, पगार, भाडं. काहींना ते बघता क्षणी आवडतं. काहींना तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, आणि तो पहिल्या वर्षी आला तर नशीबच म्हणायचं. आपल्याकडे 'मेडिकल नाही तर डेंटल' हा विचार अजून पुष्कळ घरांत मुरलेला आहे. इथे दोन्हींच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या, अर्ज वेगळे, आणि मुलाखतीतला पहिलाच प्रश्न 'डॉक्टर का नाही, डेंटिस्टच का' असा येऊ शकतो. ज्याने दवाखान्यात वेळ काढलेला नाही त्याचं उत्तर पाठ केलेलं वाटतं, कारण ते तसंच असतं.

सुरुवात ओळखीतल्या डेंटिस्टकडून करायला हरकत नाही, पण सगळे तास मामाच्या क्लिनिकमध्ये नकोत. जास्त वेळ जनरल डेंटिस्टकडे जावा आणि थोडा ऑर्थोडॉन्टिस्ट, ओरल सर्जन, लहान मुलांचे डेंटिस्ट अशा दोन-तीन ठिकाणी. गरीब वस्तीतल्या सार्वजनिक क्लिनिकमध्ये एकदा तरी जावं. दातदुखी किती काळ अंगावर काढली जाते ते तिथे दिसतं. दवाखाने बरेचदा नाही म्हणतात, कारण पेशंटच्या गोपनीयतेचे नियम कडक आहेत. फोन करून, शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन, फ्रंट डेस्कवरच्या माणसाशी नीट बोललं तर काम होतं. फोन विद्यार्थ्याने स्वतः करायचा. आईने केलेला फोन ऐकून दवाखान्याला जे कळायचं ते कळतं.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवायची: तारीख, तास, डॉक्टरांचं नाव आणि संपर्क, काय पाहिलं. पेशंटचं नाव मात्र कुठेच लिहायचं नाही. तीन वर्षांनी अर्जात तास भरताना आणि निबंध लिहिताना ही वही उपयोगी पडते. 'रूट कॅनल पाहिलं' एवढंच लिहू नये. सुईला घाबरणाऱ्या आजोबांशी डॉक्टर कसे बोलले, हे लिहावं.

समाजकार्याबद्दल एवढंच सांगतो, की एक काम तीन वर्षं केलेलं हे दहा कामं तीन-तीन दिवस केल्यापेक्षा भारी पडतं. ते दातांशीच संबंधित असायला हवं असं अजिबात नाही.

शिफारसपत्रं

ॲडसासमध्ये चार शिफारसपत्रं जातात. बऱ्याच शाळांना त्यातली दोन विज्ञानाच्या प्राध्यापकांची लागतात, एखादं डेंटिस्टचं. काही कॉलेजांमध्ये प्री-हेल्थ कमिटी सगळ्यांच्या वतीने एकच मोठं पत्र देते आणि त्यासाठी तिची स्वतःची मुदत असते, कधी अर्जाच्या अर्धं वर्ष आधीची. आपल्या कॉलेजात कमिटी आहे का, हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावं.

अडचण अशी की पहिल्या वर्षाचा केमिस्ट्रीचा वर्ग दोनशे-तीनशे मुलांचा असतो. तिथे ए मिळाला तरी प्राध्यापकांना चेहरा आठवत नाही, आणि मग पत्रात 'या विद्यार्थ्याला माझ्या विषयात ए मिळाला' यापलीकडे काही येत नाही. ते तर ट्रान्सक्रिप्टवरही दिसतंय. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवलेल्या वेळेत, जाणं हा त्यावरचा साधा उपाय. भारतात शिकलेल्या आईबाबांना हे पटायला जड जातं. सरांकडे जायचं म्हणजे काहीतरी जमलेलं नाही, अशी आपली समजूत. इथे प्राध्यापक त्या वेळेत कुणी येतंय का याची वाट बघत बसलेले असतात. ज्या प्राध्यापकांशी सूर जुळला त्यांचाच पुढचा विषय घ्यायचा, जमलं तर त्यांच्या लॅबमध्ये काम करायचं. असं दीड वर्ष गेलं की पत्रात लिहायला त्यांच्याकडे काहीतरी असतं. पत्र मागताना निदान दोन महिने आधी मागावं. आणि 'हे पत्र मी वाचणार नाही' असा पर्याय अर्जात असतो, तो निवडावा. नाही निवडला तर शाळा पत्राला फारसं महत्त्व देत नाहीत.

आता डॅट

डॅटमध्ये बायॉलॉजीचे ४०, जनरल केमिस्ट्रीचे ३० आणि ऑरगॅनिकचे ३० असे शंभर प्रश्न दीड तासात असतात. मग परसेप्च्युअल ॲबिलिटीचे, म्हणजे आकार आणि कोन ओळखण्याचे, ९०, वाचनाचे ५० आणि गणिताचे ४०. फिजिक्स नाही, कॅल्क्युलस नाही. मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० या पट्टीवर मिळतात. आधी ते १ ते ३० मध्ये असत. म्हणून जुन्या सल्ल्यांत 'वीस हवेत', 'बावीस आले' असे आकडे दिसले तर गोंधळू नये.

ऑरगॅनिक शिकून झाल्याशिवाय या परीक्षेचा अभ्यास अर्धवटच राहतो. बहुतेकांना दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा सोयीचा पडतो, नाहीतर तिसऱ्या वर्षाचा हिवाळा-वसंत. दहा-बारा आठवडे नियमाने बसलं की तयारी होते. फार आधी देण्यातही तोटा आहे, कारण बऱ्याच शाळा दोन-तीन वर्षांपेक्षा जुने गुण घेत नाहीत. मनासारखे गुण आले नाहीत तर पुन्हा देता येते, पण मधे दोन महिने थांबावं लागतं आणि दर वेळी पाचशे डॉलरच्या वर शुल्क पडतं. जून २०२९ ला अर्ज जायचा असेल तर पहिली डॅट त्याच मे महिन्यात ठेवणं म्हणजे दुसरी संधी आपणच बंद करणं.

अपवाद आहे तो परसेप्च्युअल ॲबिलिटीचा. त्यात पुस्तकी ज्ञान काहीच नाही. चार कोन लहान-मोठे लावायचे, तेही एकमेकांत काही अंशांचाच फरक असलेले. कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते सांगायचं. ठोकळ्यांच्या ढिगात किती बाजू रंगल्या ते मोजायचं. ही नजर एका रात्रीत तयार होत नाही. रोज दहा मिनिटं, काही महिने, असं केलं की मात्र हमखास सुधारते. अर्ध्या शतकापूर्वीपर्यंत या विभागाच्या जागी उमेदवारांना चक्क खडूचा तुकडा कोरून आकार बनवावा लागे. आता हात तपासत नाहीत, पण अर्जात हस्तकौशल्याबद्दल लिहायला जागा असते आणि मुलाखतीत विचारतातही. रांगोळी, विणकाम, व्हायोलिन, लाकूडकाम, काहीही चालतं. फक्त ते आधीपासून खरोखर करत असलेलं असावं.

निबंधाला साडेचार हजार अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. म्हणजे टंकलेलं जेमतेम एक पान. लहानपणी दात दुखला आणि डॉक्टर देवासारखे धावून आले, ही गोष्ट वाचून वाचणारे थकलेले आहेत.

पैसा आणि व्हिसा

या दोन गोष्टी घरात सगळ्यात शेवटी बोलल्या जातात. त्या आधी बोलायला हव्यात, कारण कुठल्या शाळांना अर्ज करायचा हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं.

अर्जाचंच शुल्क पहिल्या शाळेला अडीचशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येक शाळेला शंभराच्या वर. दहा-बारा शाळा, त्यात शाळांचं स्वतःचं वेगळं शुल्क, मुलाखतींचा प्रवास. पण हे किरकोळ. खरा खर्च पुढे आहे. महागड्या खासगी डेंटल स्कूलमध्ये शुल्क आणि राहणं धरून वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक लागतात. कर्ज काढून शिकलेला डेंटिस्ट सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडतो. आतापर्यंत सरकारच्या ग्रॅड प्लस कर्जातून लागेल तेवढी रक्कम मिळत होती. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद होतंय, आणि डेंटलसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा आली आहे. वरची रक्कम खासगी बँकेकडून किंवा घरातून उभी करावी लागेल. आपल्या राज्यातल्या सरकारी शाळेचं महत्त्व म्हणूनच आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. तिथे स्थानिक रहिवाशांना शुल्क कमी असतं आणि जागांमध्येही झुकतं माप मिळतं. लष्कराची एचपीएसपी शिष्यवृत्ती पूर्ण शुल्क भरते आणि बदल्यात काही वर्षं सेवा मागते, पण त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं.

आणि इथेच आपल्यातल्या कितीतरी घरांचा प्रश्न येतो. लहानपणी एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आलेली मुलं, ग्रीन कार्डची रांग संपायची चिन्हं नाहीत. मूल एकवीस वर्षांचं झालं की एच-४ संपतो आणि बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. हे नेमकं कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतं, म्हणजे ऐन अर्जाच्या वेळी. या मुलांना सरकारी कर्ज मिळत नाही. अनेक सरकारी शाळा त्यांना घेत नाहीत, किंवा घेतल्या तरी परदेशी विद्यार्थ्याचं शुल्क लावतात. काही खासगी शाळा घेतात, पण पैशांची सोय आधी दाखवायला सांगतात. खासगी बँकेच्या कर्जाला साधारणपणे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहकर्जदार लागतो.

काही विद्यापीठं बारावीनंतरच कॉलेज आणि डेंटल स्कूल अशी जोड जागा देतात. कनेक्टिकट विद्यापीठात अशी सोय आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तीन वर्षांचं डेंटल स्कूल चालवणाऱ्या युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकमध्ये दोन अधिक तीन असा पाच वर्षांचाही मार्ग आहे. जागा थोड्या, स्पर्धा मोठी, आणि जीपीए-डॅटच्या अटी पाळाव्याच लागतात. सतराव्या वर्षी इतकं पक्कं ठरलेलं असणं सगळ्यांना जमत नाही, जमायलाही नको. पण व्हिसाच्या तारखा ज्यांच्या मागे लागल्यात त्यांनी हा मार्ग अकरावीतच तपासून पाहावा.

इतर मुलांना तिसरं वर्ष संपताना तयारी कच्ची वाटली तर एक वर्ष थांबून पुढच्या जूनला अर्ज करता येतो. पुष्कळ जण तसं करतात, त्या वर्षात डेंटल असिस्टंट म्हणून काम करतात, आणि शाळा त्याला कमीपणा मानत नाहीत. घाईने केलेला अर्ज फेटाळला गेला तर मात्र पुढच्या वेळी 'गेल्या वर्षापासून काय बदललं' याचं उत्तर द्यावं लागतं. एफ-१ वरच्या मुलाला असं वर्ष मनासारखं घालवता येत नाही. पदवीनंतर देशात राहायचं तर ओपीटी (शिक्षणानंतर ठरावीक काळ काम करायची परवानगी) किंवा दुसरा शिक्षणक्रम हवा, आणि ओपीटीवरचं काम शिकलेल्या विषयाशी जुळलं पाहिजे. म्हणून अशा मुलांनी मुख्य विषय निवडण्याआधीच कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन बसावं, आणि आवडत्या प्रत्येक शाळेच्या प्रवेश विभागाला आपल्या व्हिसाची स्थिती सांगून 'अर्ज घ्याल का' हे ईमेलवर लेखी विचारून ठेवावं.